रविवारच्या माणसांची मोजदाद

दोन खांब, एक फळी आणि आठ स्क्रू. फलक म्हणजे एवढंच, असं मला वाटलं होतं. चाळीस वर्षं मी बस चालवली. गावोगावचे फलक पाहिले. एकदा तर एक पाडलाही. धुकं होतं, आणि खरं सांगायचं तर फलकही रस्त्यात फार पुढे आला होता. तेव्हा फलक पाडायला किती वेळ लागतो हे मला अनुभवाने ठाऊक होतं. उभा करायला चौदा महिने लागतात, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

फलकावरचा नकाशा माझ्या बायकोने काढलेला. हेलेद शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, पण हात चित्रकाराचा. प्रत्येक गावाच्या गाडीतळावर एक फलक लावायचा, त्यावर इथले डोंगर, इथला इतिहास आणि बघण्यासारखं काय ते दाखवायचं, असं वरच्या कचेरीत ठरलं, आणि आमच्या ग्रामपरिषदेने नकाशाचं काम हेलेदला दिलं. बघण्यासारखं काय, हे पहिले दोन महिने गावात कोणालाच सुचेना. माँटगोमरीशायरच्या आमच्या वेल्श कोपऱ्यात माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, आणि मेंढ्या कशाचं कौतुक करत नाहीत. शेवटी धबधबा, चॅपल, शिशाची बंद पडलेली खाण, तिच्याही आधी बंद पडलेली खानावळ आणि वरच्या माळावरचे उभे दगड, अशी यादी झाली. हेलेदने दोन उन्हाळे खर्चून नकाशा काढला. शेवटचा रंग नोव्हेंबरात दिला. फेब्रुवारीत ती गेली.

त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. मला ते लिहिता येत नाही.

एप्रिलमध्ये कादवालादर मास्तर घरी आले. हे आमच्या ग्रामपरिषदेचे अध्यक्ष. लहानपणी मी त्यांच्या शाळेत होतो, त्यामुळे अजूनही ते आले की माझा हात आपोआप नखं लपवतो.

"इदवाल, नकाशा कुठाय?"

नकाशा गरम पाण्याच्या टाकीमागे होता. आमच्या घरात कोरडी जागा तेवढीच. मी तो काढला, टेबलावर उलगडला आणि म्हणालो, "मास्तर, घेऊन जा. पण एक अट. यातली एक रेघ हलायची नाही. तिने काढलाय तसाच लागला पाहिजे."

"अरे, रेघ कोण हलवतंय?"

मास्तरांनी आयुष्यात बरेच अंदाज बांधले. हा त्यातला सर्वांत चुकीचा.

आधी अर्ज आला. सोळा पानी, अर्धा वेल्श, अर्धा इंग्रजी, आणि दोन्हींत सारखाच न कळणारा. 'फलकामुळे वटवाघळांना त्रास होईल काय?' मी लिहिलं, 'त्यांनी वाचला तर सांगता येत नाही.' 'मूळ चित्रकाराची सही.' इथे मी बराच वेळ पेन धरून बसलो. मग लिहिलं, 'चित्रकार वारली.' अर्ज परत आला. त्या चौकटीत सही नसेल तर चित्रकाराचा सध्याचा पत्ता द्यावा, असं त्यावर लाल शाईने लिहिलेलं. मी लिहिलं, 'चॅपलमागे, तिसरी रांग, भिंतीकडून दुसरी.' तोही परत आला. पत्ता अपुरा, पिनकोड नाही.

ते प्रकरण मिटलं तोवर जुलै उजाडला, आणि प्रॉसरबाईंचं पत्र आलं. या बाई कचेरीत प्राचीन अवशेषांच्या विभागात. पत्र सभ्य होतं, आणि सभ्य पत्राची मला जास्त भीती वाटते. त्यात लिहिलं होतं: आमच्या नोंदीप्रमाणे वरच्या माळावर सहा दगड आहेत. दिवंगत श्रीमती हेलेद प्यू यांच्या नकाशात सात दिसतात. सातव्याचा पुरावा द्यावा. न दिल्यास आमच्या संगणकावर नकाशा दुरुस्त करून नव्याने काढण्यात येईल.

दुरुस्त करून. चौतीस वर्षं मी तिचं काही दुरुस्त करू शकलो नाही, आणि हे संगणकावर करणार.

मला वाटलं, यात काय, गावात विचारू. इथे मात्र एक अडचण निघाली. त्या दगडांना आम्ही 'रविवारची माणसं' म्हणतो. फार पूर्वी काही गुराख्यांनी रविवारी चॅपल चुकवून मेंढ्या बाजाराला हाकल्या, आणि माळावर पोचताच त्यांचे दगड झाले, अशी गोष्ट. ती गोष्ट कोणी मानत नाही. आम्ही चॅपलची माणसं, असल्या गोष्टी मानत नाही. फक्त ते दगड कोणी मोजत नाही. जो त्यांना मोजतो, त्याला ते मोजतात, असं म्हणतात. हेही कोणी मानत नाही. पण मोजतही नाही.

पहिला गेलो तुदूरकडे. माळ त्याच्याच शेताला लागून, साठ वर्षं तो त्या दगडांमधून मेंढ्या नेतो-आणतो.

"तुदूर, वर दगड किती?"

"कुठले दगड?"

"तुझ्या दारासमोरचे, अरे!"

"ते होय." त्याने कुत्र्याकडे पाहिलं, जणू उत्तर त्याला येत असावं. "मी मेंढ्या मोजतो, इदवाल. दगड मोजायचं कोणी सांगितलं नाही मला."

"सहा की सात?"

"असतील की. त्या आकड्याच्या आसपास असतील."

"म्हणजे तू घाबरतोस."

"मी?" तुदूर लालबुंद झाला. "मी मंगळवारी दात काढून घेतला, इंजेक्शनशिवाय! घाबरतो म्हणे! माझा गुडघा दुखतो, म्हणून मी मोजत नाही."

दगड मोजायला गुडघा कशाला लागतो, हे मी विचारलं नाही. दुकानवाल्या ओल्वेन ब्रीझकडे गेलो. तिच्याकडे गावातल्या प्रत्येकाच्या दुखण्याची, भांडणाची आणि पडद्यांची माहिती असते. तीही म्हणाली, "दगड? बाई गं, मी कशाला मोजू? त्यांना काय वाटेल?" आणि माझ्या पिशवीत मी न मागितलेला केक घातला. फेब्रुवारीपासून गावातले लोक मला केक देतात. माझ्या घरात अकरा केक होते.

शेवटी मीच गेलो मोजायला. तसा मी रोज दुपारी तीनला तिथे जातच होतो. हेलेद चित्र काढायची तेव्हा मला तिच्यासमोर दगडांजवळ उभं करायची. "तू तिथे थांब, इदवाल. दगड किती उंच ते कळायला माणूस लागतो. आणि हलू नकोस." मी थर्मास आणि पावांची पिशवी घेऊन उभा राहायचो. दोन उन्हाळे उभा राहिलो. ती गेल्यावर तीन वाजले की पाय आपोआप वर वळायचे. जाऊन तिथेच उभा राहायचो. समोर तिची बसायची सपाट शिळा. दुसरं करायचं काय, ते सुचत नव्हतं.

त्या दिवशी प्रथमच मोजले. सहा. उलट बाजूने मोजले. सहा. प्रत्येकाला हात लावून मोजले. दगड गार होते, आणि एक का कोण जाणे, गार नव्हता. पण सहाच.

मी तसाच उभा राहिलो. हेलेद चुकली होती. दोन उन्हाळे समोर बसून, सहा दगड तिला मोजता आले नव्हते. हे मला कचेरीला लिहून द्यावं लागणार होतं. तिचा नवरा म्हणून, खाली सही करून.

खाली उतरलो तर तुदूर फाटकाशी उभा. चेहरा पांढरा.

"इदवाल, मी मोजले. घाबरत नाही म्हणून मोजले. सात आहेत."

"सहा आहेत. आत्ता हात लावून आलोय."

"मी इथून पाहिलं. धुकं होतं थोडं, पण सात. शपथेवर सात."

दुसऱ्या दिवशी ओल्वेनने दुकानाच्या माडीवरून दुर्बीण लावली. ही दुर्बीण तिच्या वडिलांची, तिची एक काच फुटलेली, त्यामुळे ओल्वेनला गाव नेहमी अर्धंच दिसतं आणि उरलेलं ती स्वतः भरते. तिने निरोप पाठवला: सात. मी त्याच दुपारी वर जाऊन पुन्हा मोजले होते. सहा.

असं आठवडाभर चाललं. गावाला सात, मला सहा. दुकानात गेलो की बोलणं थांबायचं. मग ओल्वेनने एकदा, पावाचं पुडकं बांधता बांधता, हळूच विचारलं, "इदवाल, तू त्यांना मोजलंस ना रे?"

"मोजलं."

"मग त्यांनी तुला मोजलं असणार." तिने पुडकं माझ्याकडे सरकवलं, पण हाताला हात लागू दिला नाही. "म्हणून तुला एक कमी दिसतो."

हे गणित मला कळलं नाही. पण त्या दुपारी वर उभा असताना मानेवर गार वाटलं, आणि मी कॉलर वर केली.

प्रकरण हाताबाहेर जातंय असं पाहून कादवालादर मास्तरांनी ते आपल्या हाती घेतलं. मास्तर शास्त्रीय माणूस. "यात भुताखेताचं काही नाही. दृष्टिदोष आहे. प्रत्येक दगडावर एक खूण ठेवायची, आणि खुणा मोजायच्या. दगड मोजायचेच नाहीत! म्हणजे कोणाची हरकत नको."

खूण म्हणून त्यांनी पेपरमिंटच्या गोळ्यांचं पाकीट आणलं. चॅपलमध्ये प्रवचन सुरू झालं की प्रत्येकाच्या खिशातून ही गोळी निघते. एक गोळी म्हणजे वीस मिनिटं. आमच्या पाद्रीबाबांची योग्यता गावात गोळ्यांवरच मोजतात.

"पाकिटात बरोबर चौदा आहेत," मास्तर म्हणाले. "उरतील त्या चौदातून वजा."

आम्ही दोघं वर गेलो. माळावर पोचलो तोवर धुकं इतकं उतरलं की मास्तरांना स्वतःचे बूट दिसेनात. तसेही त्यांना ते चष्म्याशिवाय दिसत नाहीत, आणि चष्म्यावर पाणी साचलं होतं. "तू त्या बाजूने बघ, मी या बाजूने येतो," म्हणत ते धुक्यात शिरले. मी माझ्या नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिलो. दुसरीकडे उभं राहायची पायांना सवय नव्हती. धुक्यात मास्तरांचं पुटपुटणं ऐकू येत होतं, कधी जवळून, कधी लांबून. एकदा तर दोन बाजूंनी.

मग कोणीतरी मागून माझ्या डोक्यावर हळूच थोपटलं.

मी वळलो नाही. अंत्यविधीपासून गावातले पुरुष मला असेच थोपटतात आणि काही न बोलता पुढे जातात. पण ते खांद्यावर. मास्तरांनी डोक्यावर थोपटलं, लहानपणी कधी थोपटलं नाही तसं. मला ते फार बरं वाटलं.

दहा मिनिटांनी मास्तर ओरडले, "इदवाल! कुठेयस?"

"इथेच की," मी म्हणालो. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो. मास्तर जागच्या जागी उडाले.

त्यांनी पाकीट मोजलं. उरल्या सात. "चौदातून सात गेल्या, राहिल्या सात. सात दगड! सिद्ध झालं!" आता दगडांवरच्या गोळ्या मोजायच्या, तर तुदूरच्या मेंढ्यांनी पुरावा खायला सुरुवात केली होती. एक मेंढी आमच्याकडे बघत शांतपणे चघळत होती, चॅपलमधल्या तुदूरसारखीच.

घरी आलो. टोपी काढली. दाराशी झटकली, तर काहीतरी टक्‌ करून फरशीवर पडलं.

पांढरी गोळी. अर्धी विरघळलेली, ओल्या लोकरीला चिकटून आलेली.

मी ती उचलली आणि बराच वेळ बघत राहिलो. माणसाला स्वतःबद्दल थोडीफार कल्पना असते. मी देखणा नाही, हे मला माहीत आहे. चाळीस वर्षांच्या नोकरीत कोणी माझा फोटो काढला नाही, परवान्याचा सोडून. पण आपल्याला दगड समजून आपल्या डोक्यावर गोळी ठेवली जाईल, तीही ज्यांनी आपल्याला पाढे शिकवले त्यांच्या हातून, अशी कल्पना मी केली नव्हती.

मग डोक्यात हळूहळू उजेड पडला. तुदूरने मोजले तेव्हा मी तिथे उभा होतो. ओल्वेनने दुर्बीण लावली तेव्हाही. मी मोजायचो तेव्हा सहाच भरायचे, कारण मोजणारा स्वतःला मोजत नाही.

नकाशाची माझ्याकडे एक प्रत होती. भिंग घेऊन टेबलाशी बसलो. माळ, गवत, दगड. पहिला, दुसरा, तिसरा. डावीकडून पाचवा इतरांपेक्षा थोडा बुटका, थोडा वाकलेला. त्याच्या डोक्यावर एक सपाट कड होती. टोपीची. आणि पायाशी, मेंढीच्या लेंडीएवढी, एक पिशवी. पिशवीतून थर्मासचं झाकण डोकावत होतं.

चौतीस वर्षांत ती मला किती वेळा म्हणाली असेल, "काय दगडासारखा उभा आहेस!" आता तिने ते कचेरीत दाखल केलं होतं.

मी हसलो. मोठ्याने हसलो. घरात फेब्रुवारीपासून कोणी हसलं नव्हतं, त्यामुळे आवाज भिंतींना ओळखीचा वाटला नाही. मग हसू संपलं आणि मी तसाच भिंग धरून बसून राहिलो.

आता मास्तरांना खरं सांगावं, तर सातवा दगड पुसला जाणार. म्हणजे मी पुसला जाणार, आणि तेही ठीक. पण तिने माझ्याकडे बघत काढलेल्या त्या चार रेघा पुसल्या जाणार. त्या जगात दुसरीकडे कुठेच नव्हत्या. त्यातच आठवड्याभराने मास्तरांच्या पेपरमिंटच्या अहवालावर कचेरीने कळवलं, 'गोळ्या हा पुरावा ग्राह्य नाही. प्रॉसरबाई गुरुवारी दुपारी तीन वाजता समक्ष मोजणी करतील.'

मी खोटं बोलणारा माणूस नाही. बस उशिरा आली तर मी कधी टायरचं निमित्त सांगितलं नाही. पण गुरुवारी मी मास्तरांना सांगितलं, "मला दंतवैद्याकडे जायचंय," आणि अडीच वाजता करडा रेनकोट चढवून माळावर जाऊन उभा राहिलो. पाचव्या जागी. दगडांबद्दल मी खोटं काहीच बोलणार नव्हतो. फक्त उभा राहणार होतो. ते मला येतं.

दगड होणं सोपं नाही. पहिल्या पाच मिनिटांत नाक खाजतं. दहाव्या मिनिटाला तुदूरची एक मेंढी आली आणि माझ्या मांडीला अंग घासून गेली. पंधराव्या मिनिटाला त्याचा कुत्रा आला, हुंगलं, आणि दगडाशी कुत्रे जे करतात ते केलं. मी हललो नाही. या कुत्र्याला मी स्वतः नाताळात हाडं दिली आहेत. पाऊस बारीक पडत होता. वारा डावीकडून येत होता, सरळ कानात.

तीनला फाटकाशी आवाज आले. मास्तर, तुदूर आणि एक तरुण बाई. पुढे दलदल होती आणि बाईंचे बूट शहरातले, त्यामुळे मोजणी फाटकावरूनच करायचं ठरलं. माळ ओसाड असल्याने शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

"किती शांत आहे हो इथे," प्रॉसरबाई म्हणाल्या. "नेहमी असंच असतं?"

"नाही," तुदूर म्हणाला.

"बरं. मोजू या. एक, दोन, तीन, चार..."

मी श्वास रोखला.

"पाच. सहा. सात."

झालं, मी मनात म्हणालो. हेलेद, झालं बघ.

"आठ," प्रॉसरबाई म्हणाल्या.

फाटकाची फळी करकरली.

"आठ कसे, बाई?" मास्तरांचा आवाज बारीक झाला होता. "बोटाने मोजा."

"बोटानेच मोजतेय. हे बघा. एक, दोन, तीन, चार. पाचवा हा बुटका. त्याला अगदी खेटून सहावा. सात. आठ. तुम्ही मोजा ना."

मास्तरांनी चष्मा पुसल्याचा आवाज आला नसेल, पण मला तो आल्यासारखं वाटलं. "तुदूर," ते म्हणाले, "तू बघ."

"माझा गुडघा दुखतोय," तुदूर म्हणाला.

मला मान वळवता येत नव्हती. दगड मान वळवत नाहीत. पण एक गोष्ट मला कळत होती. डावीकडून येणारा वारा थांबला होता. माझ्या उजव्या बाजूचं गवत अजून लवत होतं. पाऊसही पडत होता. फक्त डावा कान, इतका वेळ बधिर झालेला, हळूहळू ऊबेला येत होता. तिथे कोणी येऊन उभं राहावं, आणि वारा अडावा, तसा.

हेलेद दोन उन्हाळे समोरच्या शिळेवर बसली. चित्र काढणारी बाई स्वतः चित्रात नसते.

"मी लिहून घेते," प्रॉसरबाई जरा घाईने म्हणाल्या. "आपण आता निघू या का?"

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. उताराला लागला. बंद झाला. मी तरी उभा होतो. शेवटी पायात गोळे आले तेव्हा खाली निघालो. डावीकडे पाहिलं नाही. फाटकाअलीकडे ओल्या शेवाळाचा एक दगड आहे. तिथे आल्यावर मी म्हणालो, "जपून, इथे घसरतं." ती तिथे नेहमी घसरायची. त्या दिवशी कोणी घसरलं नाही.

महिन्याने पत्र आलं. दगडांच्या संख्येबाबत नोंदी, नकाशा व समक्ष मोजणी यांत मेळ बसत नसल्याने फलकावर संख्या छापू नये. चित्र मूळ स्वरूपात, कोणताही बदल न करता लावावे. खाली प्रॉसरबाईंची सही. त्याखाली पेनाने, घाईच्या अक्षरात: 'पुन्हा मोजणीस येण्याची आवश्यकता वाटत नाही.'

फलक लागला तो पुढच्या एप्रिलमध्ये. कामगारांनी तो तोंड कुंपणाकडे करून लावला, आणि तो फिरवायला आणखी सहा आठवडे आणि एक अर्ज लागला, त्यातही वटवाघळं होती. पण लागला. शेवटी आठही स्क्रू मी स्वतः आवळले. प्रवासी थांबतात, वाचतात, आणि मला विचारतात, "वर ते दगड नक्की किती आहेत हो?"

मी सांगतो, "आम्ही मोजत नाही."

तीन वाजले की वर जातो. पाचव्या जागी उभा राहतो. थर्मासमध्ये आता दोन कपांचा चहा नेतो. आणि वारा कुठूनही असो, डाव्या हाताला एका माणसापुरती जागा सोडतो.